तीस रुपये पगाराचा कारकून

मद्रास, १ मार्च १९१२. बंदराच्या कचेरीत, म्हणजे पोर्ट ट्रस्टमध्ये, हिशेब खात्यात एक नवा कारकून रुजू झाला. वय २४. डोक्यावर शेंडी, कपाळावर गंध, अंगानं जरा भरलेला, बोलायला लाजरा. दर्जा तिसरा, श्रेणी चौथी, पगार महिना ३० रुपये. जहाजांच्या मालाचे आकडे वहीत उतरवायचे, बेरजा तपासायच्या, संध्याकाळी घरी जायचं.

या पोराच्या डोक्यात काय चाललंय, हे त्या कचेरीत बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आज त्याच्या नावानं २२ डिसेंबरला देशभर राष्ट्रीय गणित दिवस पाळतात. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन.

आपल्याकडं गावोगावी शिकलेली पोरं आहेत. कुणी कंत्राटावर ऑपरेटर, कुणी तासिकेवर शिक्षक, कुणी दुकानात बिलं फाडतो, कुणी कारखान्याच्या काट्यावर पावत्या लिहितो. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. त्याहून जास्त टोचतं ते हे, की आपल्याला काय येतं हे विचारायला कुणाला सवड नसते. रामानुजन मोठा गणिती होता हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण तोही कित्येक वर्षं असाच अडकून पडला होता, आणि त्यातून बाहेर कसा आला, हे फारसं कुणी सांगत नाही.

घरची परिस्थिती

जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, इरोडला आजोळी. वाढला कुंभकोणममध्ये. कावेरीकाठचं देवळांचं गाव, आजूबाजूला भाताची शेती. वडील कापडाच्या पेढीवर कारकून, पगार महिना २० रुपयांच्या आसपास. आई कोमलताम्मल देवळात भजनं म्हणायची, त्याचे थोडे पैसे मिळायचे. तेवढ्यात भागत नव्हतं, म्हणून घरात बाहेरगावचे विद्यार्थी पैसे घेऊन राहायला-जेवायला ठेवलेले. जातीनं ब्राह्मण, पण घरात दोन वेळची चूल पेटायची मारामार.

पोरगं शाळेत हुशार. प्राथमिकच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिलं आलं. मोठ्या मुलांची त्रिकोणमितीची पुस्तकं तेराव्या वर्षीच संपवली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज लेखकाचं एक जाडजूड पुस्तक पडलं. त्यात गणिताची पाच हजारांच्या आसपास सूत्रं एकापाठोपाठ एक दिलेली. ती कशी आली याचं स्पष्टीकरण जवळपास नाही. रामानुजन एकेक सूत्र घेऊन स्वतःच सिद्ध करत बसला. ते करता करता पुस्तकात नसलेली सूत्रंही त्याला सापडू लागली.

इथूनच त्याची घसरण सुरू झाली.

दोनदा नापास

१९०४ साली तो कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेला. हुशार म्हणून शिष्यवृत्ती मिळाली होती. पण गणित सोडून दुसऱ्या कशात मनच लागेना. इंग्रजीत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. फी होती सत्राला ३२ रुपये. बापाचा दीड महिन्याचा पगार. कुठून भरणार? १९०५ मध्ये पोरगं कुणाला न सांगता घरातून निघून विशाखापट्टणमला गेलं.

परत आल्यावर १९०६ ला मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात नाव घातलं. तिथं गणितात पैकीच्या पैकी मारायचा आणि शरीरशास्त्रात आपटायचा. वर्षाअखेरीच्या परीक्षेत नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, पुन्हा नापास. पदवीचं दार तिथंच बंद झालं.

त्या काळातही पदवी नाही तर नोकरी नाही, हाच हिशेब. शिकवण्या घ्यायचा प्रयत्न केला. पण पोराला परीक्षेपुरतं सांगायचं सोडून हा भलतीकडंच जायचा. शिकवण्या टिकल्या नाहीत. घराच्या ओट्यावर मांडीवर पाटी घेऊन बसायचा. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर. पाटी भरली की कोपरानं पुसायची आणि पुन्हा लिहायचं. फक्त शेवटचं उत्तर वहीत उतरवायचं. पुसून पुसून कोपर काळं पडायचं.

गावातले लोक काय म्हणत असतील, हे वेगळं सांगायला नको. वीस-बावीस वर्षांचा थोरला मुलगा, दोनदा नापास, कमाई शून्य, आणि दिवसभर पाटीवर खरडत बसतो.

आईनं आपल्याकडच्या कुठल्याही आईनं केलं असतं तेच केलं. लग्न लावून दिलं. १४ जुलै १९०९ ला. नवरी जानकी दहा वर्षांची. ती सासरी नांदायला येणार होती पुढं काही वर्षांनी, पण जबाबदारी तर अंगावर आलीच. त्यात १९१० च्या सुरुवातीला त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. घरात पैसा नव्हता. एका डॉक्टरनं ती फुकट करून दिली.

वह्या काखोटीला मारून

बरं वाटल्यावर रामानुजन घराबाहेर पडला. हातात गणिताच्या वह्या आणि मनात एकच मागणी, पोटापुरती कसलीही कारकुनी द्या.

तिरुकोइलूरला व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर होते. स्वतः गणिताचे वेडे. १९०७ साली भारतातल्या गणितवाल्यांची संस्था त्यांनीच सुरू केलेली. या संस्थेचं ग्रंथालय पुढं आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. रामानुजननं त्यांच्या पुढ्यात वह्या ठेवल्या आणि महसूल खात्यात चिकटवून घ्या म्हणाला. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि नोकरी दिली नाही. असल्या माणसाला तालुक्याच्या दप्तरात कोंडलं तर तो तिथंच संपेल, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी मद्रासच्या ओळखीच्या लोकांना चिठ्ठ्या लिहून दिल्या.

चिठ्ठ्या घेऊन तो फिरत फिरत आर. रामचंद्र राव यांच्याकडं पोचला. हे नेल्लोरचे कलेक्टर. त्यांना आधी वाटलं, पोरगं बनेल आहे. तीन-चार भेटी झाल्या, मग खात्री पटली. रामानुजननं त्यांच्याकडं मागितलं काय, तर पोटापुरतं अन्न आणि काम करायला मोकळा वेळ. राव स्वतःच्या खिशातून महिन्याला २५ रुपये देऊ लागले. १९११ मध्ये गणित संस्थेच्या मासिकात रामानुजनचा पहिला मोठा लेख छापून आला.

पण दुसऱ्याच्या पैशावर जगणं त्याच्या मनाला लागत होतं. वर्षभरात त्यानं पुन्हा नोकरी शोधली. १९१२ च्या सुरुवातीला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत थोडे दिवस महिना २० रुपयांवर तात्पुरतं काम केलं. म्हणजे बापाचाच पगार बापाच्याच हुद्द्यावर. मग ९ फेब्रुवारीला पोर्ट ट्रस्टला अर्ज केला आणि ३० रुपयांवर लागला.

शेजारच्या टेबलावरचा माणूस

कचेरीतलं काम तो नीट करायचा. पण हात रिकामा झाला की गणित. जहाजातून आलेल्या मालाचे बांधणीचे कागद पडलेले असायचे, ते गोळा करून त्यावर लिहायचा. निळ्या शाईनं लिहिलेला जुना कागद असला, तर त्याच्यावरच लाल शाईनं लिहायचा.

दुसरा एखादा साहेब असता तर कामाच्या वेळेत हे काय चाललंय म्हणून मेमो काढला असता. इथं हिशेब खात्याचे प्रमुख होते एस. नारायण अय्यर. ते गणित शिकलेले. त्यांनी या कारकुनाचे कागद बघितले आणि त्याला संध्याकाळी घरी बोलवायला सुरुवात केली. दोघं दोन मोठ्या पाट्या घेऊन बसायचे. रामानुजन दोन ओळींत दहा पायऱ्या ओलांडून जायचा. अय्यर त्याला थांबवायचे. मलाच जर कळलं नाही, तर बाहेरच्यांना काय कळणार, मधल्या पायऱ्या लिही, असा त्यांचा हट्ट असायचा.

अय्यर फार मोठे गणिती नव्हते. पण हाताखालचा माणूस आपल्यापेक्षा पुढचा आहे हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट कचेरीचे सगळ्यात वरचे साहेब सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कानावर घातलं. स्प्रिंग इंजिनिअर होते. त्यांनीही मनावर घेतलं आणि विलायतेतल्या विद्वानांकडं रामानुजनचं काम जावं म्हणून धडपड सुरू झाली.

पहिल्या खेपेला हाती फार काही लागलं नाही. लंडनच्या एका प्राध्यापकानं हा मुलगा हुशार दिसतो, पण पाया कच्चा आहे, असं कळवून वाचायला पुस्तकं सुचवली. केंब्रिजच्या दोन नामांकित प्राध्यापकांना रामानुजननं पत्रं लिहिली, त्यांच्याकडून काहीच मदत झाली नाही.

तरी त्यानं तिसऱ्याला लिहिलं. १६ जानेवारी १९१३. केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना. पत्राच्या सुरुवातीलाच सरळ सांगून टाकलं, की मी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून आहे, वर्षाला फक्त २० पौंड पगार आहे, विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही, नोकरीतून उरलेल्या वेळात गणित करतो. सोबत शंभराच्या वर सूत्रं जोडली.

हार्डींना आधी वाटलं, कुणीतरी थट्टा मांडलीय. पण ती सूत्रं दिवसभर डोक्यातून जाईनात. रात्री त्यांनी मित्र लिटलवुडला बोलावलं. दोघं ते कागद घेऊन बसले. मध्यरात्रीच्या आत त्यांची खात्री झाली, की मद्रासच्या बंदरावरचा हा कारकून अव्वल दर्जाचा गणिती आहे.

८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर लिहिलं आणि सिद्धता मागितल्या. त्यावर रामानुजननं जे पाठवलं, ते अडकलेल्या प्रत्येक माणसानं समजून घेण्यासारखं आहे. त्यानं कळवलं, की मी अर्धपोटी माणूस आहे, डोकं चालायला आधी अन्न लागतं. तुमचं चार ओळींचं आपुलकीचं पत्र आलं तर इथल्या विद्यापीठाकडून नाहीतर सरकारकडून मला शिष्यवृत्ती मिळू शकेल. त्याला गरज सांगायची लाज वाटली नाही, आणि जे मागितलं ते नेमकं मागितलं.

नियम आडवा आला

मद्रास विद्यापीठात प्रश्न उभा राहिला तो आजच्या कुठल्याही कार्यालयात उभा राहील तोच. संशोधनाची शिष्यवृत्ती घ्यायला एम.ए. लागतं. हा तर बी.ए. सुद्धा नाही, त्याच्याही आधीच्या परीक्षेत दोनदा नापास. कागदावर बसत नाही.

पण हार्डींचं पत्र आलेलं होतं. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर, जे स्वतः केंब्रिजचे गणिती होते, त्यांनी मद्रासला आले असताना रामानुजनचं काम बघून विद्यापीठाला लिहिलं. स्प्रिंग साहेबांचा जोर होताच. बैठकीत मुद्दा निघाला, की विद्यापीठ ज्या कायद्यानं उभं राहिलं त्यात संशोधनाला चालना देणं हे कामच सांगितलंय, मग नियमाकडं बोट दाखवून कसं चालेल? शेवटी मंजुरी मिळाली. १ मे १९१३ पासून महिना ७५ रुपये, दोन वर्षं. पोर्ट ट्रस्टनं बिनपगारी रजा दिली. फळीवरच्या डब्याकडं बघत चूल पेटवायचे दिवस त्या घरातले तेव्हा संपले.

विलायत

हार्डींना तो केंब्रिजला हवा होता. पण समुद्र ओलांडला की जातीबाहेर, असा तो काळ. आई तयार नव्हती. घरात सांगतात, की नामक्कलच्या देवीनं आईच्या स्वप्नात येऊन कौल दिला आणि ती राजी झाली. शेंडी कापली, कोट-पँट शिवली. १७ मार्च १९१४ ला बोट निघाली. विद्यापीठानं वर्षाला २५० पौंड मंजूर केले.

तो पोचला आणि तीन-चार महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं. हा पक्का शाकाहारी. खोलीवर स्वतः रांधायचा, काम चढलं की जेवण राहून जायचं. युद्धात भाजीपाला, फळं मिळेनाशी झाली. वर थंडी. घरून येणारी पत्रंही तुटली. सासू-सुनेचं पटत नव्हतं, आणि जानकीची पत्रं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

काम मात्र थांबलं नाही. एक उदाहरण घेऊ. चार शेळ्या आहेत, त्यांचे कळप किती प्रकारे करता येतील? चारही एकत्र, तीन आणि एक, दोन-दोन, दोन आणि एक-एक, किंवा चारही सुट्या. झाले पाच प्रकार. शेळ्या शंभर असल्या तर? उत्तर आहे १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२. एकेक मोजत बसलं तर जन्म पुरायचा नाही. हार्डी आणि रामानुजन यांनी असं सूत्र शोधलं, की ते थेट या आकड्यापाशी नेऊन सोडतं.

१९१७ मध्ये तो आजारी पडला. डॉक्टरांनी क्षय धरला. दवाखाने बदलत राहिले. याच आजारपणात हार्डी भेटायला आले आणि आपल्या टॅक्सीचा १७२९ हा नंबर काही खास नाही म्हणाले. रामानुजननं पडल्या पडल्या सांगितलं, की दोन घनांची बेरीज दोन वेगळ्या रीतींनी करता येते, अशी ही सगळ्यात लहान संख्या. १ चा आणि १२ चा घन मिळवा, किंवा ९ चा आणि १० चा. कागद-पेन्सिल घेऊन बघा, बरोबर येतं.

ट्रिनिटी कॉलेजनं १९१७ ला त्याला फेलो करायचं नाकारलं. काळ्या माणसाला घ्यायचं नाही, असं काहींच्या मनात होतं. पण १९१८ ला तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्याच्या आधी हा मान फक्त एका भारतीयाला मिळाला होता, मुंबईचे जहाज-इंजिनिअर अर्देशीर कर्सेटजी यांना, १८४१ साली. मग त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रिनिटीलाही त्याला घ्यावंच लागलं.

वाढीव पगाराचं त्यानं काय केलं

आता दोन्हीकडून मिळून वर्षाला ५०० पौंड मिळणार होते. वीस पौंडाचा कारकून सहा वर्षांत इथं पोचला होता. ११ जानेवारी १९१९ ला त्यानं मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं. त्यात कळवलं, की ही रक्कम माझ्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. आई-वडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, माझा खर्च भागावा, आणि राहिलेल्या पैशातून गरीब आणि अनाथ मुलांच्या शाळेच्या फीची, पुस्तकांची सोय करावी.

३२ रुपयांची फी नव्हती म्हणून कॉलेज सुटलेला मुलगा ते विसरला नव्हता.

२७ मार्च १९१९ ला तो मुंबई बंदरावर उतरला. आई आणि भाऊ न्यायला आले होते. त्यानं पहिलं विचारलं जानकीबद्दल. पुढचं वर्षभर ती त्याच्या उशापायथ्याशी होती. दुखणं हटत नव्हतं, तरी अंथरुणावर पाटी-कागद सुरूच. २६ एप्रिल १९२० ला मद्रासच्या चेतपेट भागात त्यानं शेवटचा श्वास घेतला. वय ३२. शेवटच्या वर्षातले त्याचे शंभरावर कागद १९७६ मध्ये केंब्रिजच्या ग्रंथालयात सापडले. त्यांच्यावर आजही जगभर गणिती काम करतात.

जानकी तेव्हा एकवीस वर्षांची. विद्यापीठानं तिला पेन्शन दिली, महिना २० रुपये. काही वर्षं ती मुंबईला भावाकडं राहिली, शिवणकाम शिकली, मग मद्रासला परत जाऊन मशिनवर कपडे शिवून पोट भरलं. एक मुलगा वाढवला. १९९४ पर्यंत जगली. नवऱ्याचा पुतळा उभारतो असं लोक म्हणाले होते, तो झाला नाही, ही खंत तिनं म्हातारपणी बोलून दाखवली. मग जगभरातल्या गणितज्ञांनी वर्गणी काढली आणि अर्धपुतळा तिच्या घरी पोचला.

राहिलेला हिशेब

रामानुजनचं डोकं सगळ्यांना मिळत नाही, हे खरं. पण त्याच्या गोष्टीत डोक्याशिवाय आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या कुणालाही जमण्यासारख्या आहेत.

एक, नोकरी लहान होती म्हणून त्यानं आपलं काम लहान मानलं नाही. बांधणीच्या कागदावर का होईना, रोज केलं. दोघांनी दाद दिली नाही तर तिसऱ्याला लिहिलं.

दुसरी गोष्ट नारायण अय्यरांची. त्यांनी हाताखालच्या तीस रुपयांच्या माणसाचा कागद उचलून बघितला. तसं बघणारा भेटला नसता, तर पोर्ट ट्रस्टच्या दप्तरात एक नाव राहिलं असतं, दर्जा तिसरा, श्रेणी चौथी. अशी किती नावं कुठल्या कुठल्या दप्तरात राहून गेली असतील, त्याची मोजदाद नाही.

ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, शाळेत, कारखान्यावर ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्यांनी एखाद्या दिवशी आपल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला विचारून बघावं, बाबा, तुला आणखी काय येतं? विचारायला पैसे पडत नाहीत.